शून्य नायट्रेटचा सोस

अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आणि किनाऱ्यापासून दोनेकशे किलोमीटर आत. अशा ठिकाणी दिवाणखान्यात साठ लिटरची टाकी मांडायची, मीठ मोजून घरच्या घरी समुद्र तयार करायचा आणि त्यात सॉफ्ट कोरल जगवायचे, हा खटाटोप करणाऱ्यांचं कौतुकच करायला हवं. पण या हौशीला एक खूळ चिकटलं आहे. टाकी बघायला आलेल्या पाहुण्याला मालक आधी टेस्ट किटची नळी उजेडात धरून दाखवतो. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य! पाहुण्याने वाहवा करायची असते. मागे दगडावर मश्रूम कोरल फिकट पडून आक्रसलेले असतात, झोआंथिड दोन दिवस उघडलेले नसतात, त्यांच्याविषयी विचारायचं नसतं.

या शून्यपंथाची शिकवण थोडक्यात अशी. खरा प्रवाळ समुद्र अन्नद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ वाळवंट असतो, म्हणून टाकीही तशीच हवी. शैवाल दिसलं म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट वाढलं, म्हणून ते उपाशी मारायचं. त्यासाठी माशांना दिवसाआड खायला घालायचं. तरीही आकडा हलला नाही तर बाजारात बाटल्या आहेत, ओतायच्या. आणि टाकी लहान, म्हणून हे सगळं जास्तच कडक पाळायचं. ऐकायला सुटसुटीत आहे. यातलं एकही कलम तपासणीत टिकत नाही, एवढीच अडचण आहे.

पहिलं कलम वाळवंटाचं. निरोगी प्रवाळ समुद्राच्या वरच्या थरात विरघळलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी कमी असतं, हे खरं. इतक्या गरीब पाण्यात इतकं समृद्ध जीवन कसं, या कोड्याला डार्विनचंच नाव चिकटलं आहे. पण कोड्याचं उत्तर हौशी मंडळी वाचत नाहीत. पाण्यात एका क्षणी किती आहे आणि प्राण्याला दिवसभरात किती मिळतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रात लाट दर क्षणाला नवं प्लवक आणून टाकते. मासे वरून विष्ठा सोडतात, कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. 1983 मध्ये जूडी मेयर, एरिक शुल्ट्झ आणि जीन हेल्फमन यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवून दिलं, की ज्या प्रवाळांवर ग्रंट जातीच्या माशांचे थवे दिवसा विसावतात ते प्रवाळ शेजारच्या थवे नसलेल्या प्रवाळांपेक्षा जास्त वाढतात. 2013 मध्ये त्याच नियतकालिकात यास्पर द खूय आणि सहकाऱ्यांनी स्पंजांचं काम मांडलं. प्रवाळ आणि शैवाल जे विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य सोडतात ते स्पंज शोषतात आणि कणांच्या रूपात पुन्हा खाणाऱ्यांच्या तोंडी देतात.

हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहाचं उदाहरण तर शून्यपंथाला थेट अडचणीचं आहे. तिथल्या काही बेटांवर उंदीर पोहोचले आणि त्यांनी समुद्रपक्षी संपवले. काही बेटं उंदरांपासून वाचली. 2018 मध्ये निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दोन्हींची तुलना मांडली. पक्ष्यांच्या विष्ठेतला नत्र जिथे पावसाबरोबर समुद्रात उतरत होता, तिथे प्रवाळांवरच्या माशांचं वस्तुमान 48 टक्क्यांनी जास्त भरलं. याला वाळवंट म्हणायचं? तिथे अन्नद्रव्यं भरपूर येतात. आल्या आल्या कुणीतरी ती उचलतं, म्हणून मोजणाऱ्याच्या हाती शून्य लागतं. टाकीत ना लाट आहे, ना थवा, ना पक्षी. मालक चिमटीने घालतो तेवढीच आवक. समुद्राचा शिल्लक आकडा घ्यायचा आणि समुद्राची आवक मात्र बंद ठेवायची, हे अनुकरण कसलं?

इतकं लांब जायचंही कारण नाही. महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळ मालवणात आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला कर्लीचं मुख. पावसाळ्यात तिथलं पाणी इतकं गढूळ होतं की पाणबुड्यांचा धंदा बंद असतो. त्या पाण्यात पोराइट्स, टर्बिनेरिया, फॅव्हाइट्स हे प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. काचेसारखं पाणी ही प्रवाळाची अट असती, तर कोकणात एकही उरला नसता.

आता कायद्याची गोष्ट, जी हौशी मंडळी कुजबुजत्या आवाजात बोलतात. शून्याच्या जवळपास पाणी ठेवायची पद्धत मुळात युरोपात, विशेषतः जर्मनीत, अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांचे हलके पेस्टल रंग खुलवण्यासाठी लोकप्रिय झाली. भारतात 2001 पासून दगडी प्रवाळांचा सगळा गण, शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या मूठभर वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा खुद्द महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग नगरच्या दिवाणखान्यात अ‍ॅक्रोपोरा कुठल्या परवानगीने येणार? सरळ वागणाऱ्या हौशी माणसाच्या टाकीत मश्रूम, झोआंथिड आणि लेदर असे अनुसूचीत नाव नसलेले मऊ प्राणीच असायला हवेत. हे प्राणी अन्नद्रव्यं असलेल्या पाण्यात फुलतात. ठेवायचा एक प्राणी आणि पथ्य पाळायचं दुसऱ्याचं! बरं, ज्या जर्मन पद्धतींची नक्कल होते त्यांतही प्रवाळांना अमिनो आम्लं आणि बारीक खाद्य नेमाने घातलं जातं. इकडे येताना शून्य तेवढं आलं, खाद्य वाटेतच सांडलं.

दुसरं कलम शैवालाचं. काचेवर हिरवं दिसलं की फॉस्फेट वाढलं, हा निष्कर्ष निघतो कुठून? केसाळ शैवालाने भरलेल्या टाकीत फॉस्फेट मोजलं तर पुष्कळदा शून्यच येतं, कारण आलेलं सगळं शैवालाने गिळलेलं असतं. आणि उपासमारीच्या शर्यतीत आधी हरतो तो प्रवाळ. त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना हरितद्रव्य बनवायला नत्र लागतं. पेशीपटलांना, ऊर्जेच्या व्यवहाराला आणि डीएनएला फॉस्फरस लागतो. तो मिळाला नाही की ती शैवालं कमी होतात, प्रवाळ फिकट पडतो, आणि मालक म्हणतो, दिव्याचा प्रकाश जास्त झाला असेल.

साउदॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडनमान आणि सेसिलिया डी'अँजेलो यांच्या प्रयोगशाळेने याचा पाठपुरावा केला. 2013 मध्ये नेचर क्लायमेट चेंजमध्ये त्यांनी मांडलं, की नत्र भरपूर आणि फॉस्फरस नाही अशा अवस्थेत प्रवाळातल्या शैवालांच्या पटलांत फॉस्फरसयुक्त मेदाची जागा गंधकयुक्त मेद घेऊ लागतात आणि उष्णता-प्रकाशाचा ताण आला की प्रवाळ लवकर पांढरे पडतात. 2017 मध्ये त्याच गटाने फॉस्फेटच्या उपासमारीवर स्वतंत्र निबंध दिला. नगरमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, वीज गेली की टाकीचं तापमान बघता बघता चढतं. नेमक्या त्याच काळात शैवाल वाढतं म्हणून फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे टाकीत लटकवले जातात. आधीच उन्हाचा ताण, त्यात ताण सोसायची ताकद काढून घ्यायची. याला प्रवाळ जगवणं म्हणतात का?

शून्याचं खरं बक्षीस आणखी वेगळं असतं. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही तळाला गेलेल्या टाकीत तपकिरी, चिकट, बुडबुड्यांनी भरलेला थर पसरतो, हा जगभरच्या हौशी लोकांचा वारंवारचा अनुभव आहे. हे डायनोफ्लॅजेलेट. इतर शैवालं उपाशी मरतात तेव्हा त्यांना मोकळं रान मिळतं. त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती विषारी, त्यामुळे शैवाल खाणाऱ्या गोगलगायीही मरू शकतात. केसाळ शैवाल निदान हाताने उपटता येतं. हा थर रात्री नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि दिवे लागले की पुन्हा हजर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तिसरं कलम, माशांना उपाशी ठेवा. इथे भावना बाजूला ठेवून हिशेबच मांडलेला बरा. साठ लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता पाणी उरतं सुमारे 50 लिटर. दाणेदार खाद्यात प्रथिनं 45 टक्के आणि फॉस्फरस 1 टक्का धरा. रोजची एक चिमूट म्हणजे 0.1 ग्रॅम. त्यातला सगळा नत्र नायट्रेट झाला तर लिटरमागे 0.64 मिलिग्रॅम वाढ, आणि फॉस्फेटमध्ये 0.06. म्हणजे एका चिमटीत एवढं फॉस्फेट आहे की दिवसाअखेर पूर्ण टाकीला पुरावं. तरीही मोजल्यावर शून्य येत असेल, तर आलेलं सगळं दगड, जिवाणू आणि शैवाल गिळत आहेत आणि प्रवाळाच्या वाट्याला उष्टंही राहत नाही. अशा टाकीत खाद्य निम्मं करणं हा उपाय कसा होतो? अर्धपोटी मासे रोडावतात, एकमेकांवर धावून जातात, आणि त्यांच्या कल्ल्यांतून निघणारा अमोनिया, जो प्रवाळातल्या शैवालांना नायट्रेटपेक्षाही सोयीचा, तोही घटतो.

हाच हिशेब शून्यपंथाच्या दुसऱ्या लाडक्या विधीलाही उघडं पाडतो. दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं की झालं, असं सांगितलं जातं. आठवड्याला नायट्रेट 4.5 ने वाढत असेल आणि दुसरं कुणी ते खात नसेल, तर दहा टक्के बदलाने आकडा चढत चढत 45 च्या आसपास जाऊन थांबेल. वीस टक्के बदलला तर 22 च्या आसपास. पाणी बदलल्याने उतार मिळतो, ताबा मिळत नाही. ताबा हवा तर बाहेर काढणारं काहीतरी रोज चालू हवं: फेसातून घाण बाहेर काढणारा बेताचा स्किमर, वेगळ्या कप्प्यात दिव्याखाली वाढवून दर पंधरवड्याला मूठभर काढायचं कीटोमॉर्फा शैवाल, आणि गोगलगायी. अन्न आत, वाढ बाहेर. ज्या टाक्या वर्षानुवर्षं चालतात त्यांत आवक आणि जावक दोन्ही दणदणीत असतात.

चौथं कलम बाटल्यांचं, आणि इथे तर रोगापेक्षा इलाज भयंकर. कार्बन म्हणून व्होडका किंवा व्हिनेगर घातलं की जिवाणू फोफावतात, नत्र-फॉस्फरस उचलतात आणि स्किमरमधून बाहेर जातात. मोठ्या टाकीत, जाणत्या हाताने, हे चालतं. पन्नास लिटरमध्ये दोन थेंब जास्त पडले की पाणी दुधाळ होतं आणि जिवाणू प्राणवायू ओढतात. तीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. रात्री भारनियमन झालं तर सकाळी काय दिसेल ते सांगायला नको. लॅन्थॅनम क्लोराइड हे पोहण्याच्या तलावातून आलेलं औषध, ते फॉस्फेट क्षणात गाळात बसवतं. आणि तोच क्षण प्रवाळासाठी घातक, कारण सवयीचा आकडा एका रात्रीत कोसळतो. शिवाय चुनखडीचा दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं काढलं की दगडातलं हळूहळू पाझरतं. मालकाला वाटतं औषध कमी पडलं, तो पुन्हा ओततो. दुकानदाराचं मात्र बरं चालतं.

हे सगळं ज्या आकड्यासाठी चाललंय त्या शून्याची तरी खात्री आहे का? हॅना कंपनीचं एक अल्ट्रा लो रेंज मीटर फॉस्फरस दाखवतं, तेही पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जांशात. फॉस्फेट काढायला 3.066 ने गुणून 1000 ने भागायचं. मीटरची अचूकता अधिक-उणे 5 पीपीबी. म्हणजे पडद्यावर शून्य आलं तरी खरं फॉस्फेट लिटरमागे 0.015 मिलिग्रॅम असू शकतं. काही नायट्रेट किट नायट्रोजन दाखवतात, तिथे 4.43 ने गुणावं लागतं. हा गुणाकार विसरलेला माणूस 2 वाचतो, पाण्यात असतं जवळपास 9. आणि रंग जुळवायच्या किटमध्ये शून्य आणि दोन यांच्यातला फरक ट्यूबलाइटखाली किती जणांना ओळखू येतो? एका आकड्यावर अशी श्रद्धा ठेवण्यापेक्षा आठवड्याला त्याच वेळी, त्याच किटने मोजून वहीत मांडलेले पाच आकडे जास्त सांगतात.

खरी भर जिथून पडते तिकडे शून्यपंथाचं लक्षच नसतं: नळ, बोअर आणि जार. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर भागवणारी घरं थोडी नाहीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानक मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. कोरड्या हवेत लहान टाकीचं दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. ती तूट अशा पाण्याने भरली, तर 50 लिटरच्या टाकीत लिटरमागे रोज 0.9 आणि महिन्याला 27 मिलिग्रॅमची भर. पाणी कायद्याने पिण्यायोग्य, टाकीला मात्र न परवडणारं. घरातल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो. टाकीला लागतं ते आरओनंतर उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून आलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. शून्याचा सोस असेलच तर तो इथे करावा. त्यात आरओचं निम्म्याहून अधिक पाणी वाया जातं, म्हणून टँकरच्या गावात ते बादलीत धरून फरशीला आणि संडासाला वापरण्याचं भान ठेवावं.

शून्यपंथाच्या हातात एक पत्ता आहे, तोही उघडून बघू. हवाईतल्या कानेओहे उपसागरात वर्षानुवर्षं सांडपाणी सोडलं गेलं, बुडबुड्यांसारखं हिरवं शैवाल प्रवाळांवर चढलं, आणि 1977-78 मध्ये सांडपाणी खोल समुद्राकडे वळवल्यावर ते ओसरलं. बरोबर. शहराचं सांडपाणी प्रवाळांवर सोडू नये, याविषयी दुमत कुणाचं आहे? नायट्रेट 100 आणि फॉस्फेट 1 झालेली टाकी वाईटच. पण 1993 ते 1996 दरम्यान ग्रेट बॅरियर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ एन्कोर प्रयोगात छोट्या प्रवाळ भित्तींवर मुद्दाम नत्र आणि फॉस्फरस सोडले गेले. प्रवाळ सरसकट मेले नाहीत. परिणाम दिसले ते प्रजननावर, वाढीवर, सांगाड्याच्या घनतेवर. जास्तीचं नुकसान असं मोजूनमापून सांगता येतं. त्यातून शून्याची शिफारस कशी निघते, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

या जिल्ह्यात तर हा गोंधळ व्हायलाच नको होता. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला 1950 च्या सुमारास. राहुरीला 1968 पासून कृषी विद्यापीठ आहे. अन्नद्रव्य व्यवस्थापन हा शब्द इथे पारावर कळतो. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद, 115 पालाश, आणि माती परीक्षण करून त्यात कमी-जास्त. युरिया जास्त झाला की ऊस लोळतो, कीड लागते, उतारा पडतो, हे शेतकऱ्याला पाठ आहे. म्हणून त्याने कधी नत्र शून्य करून ऊस घेतला आहे का? माती परीक्षणाच्या कागदावर 'अत्यल्प' असं आलं, तर तो कागद कुणी चौकट करून भिंतीवर लावतो का? बापाच्या शेतात ज्याला खताचा हप्ता कळतो, त्याच माणसाला घरात आल्यावर उपाशी टाकी शुद्ध वाटावी, हे आश्चर्यच.

काहींनी आता शून्याऐवजी गुणोत्तराची पोथी घेतली आहे. आल्फ्रेड रेडफिल्डने 1934 मध्ये समुद्रातल्या प्लवकांत नत्र आणि फॉस्फरसचं प्रमाण पुढे 16 ला 1 म्हणून प्रसिद्ध झालेल्या आकड्याच्या आसपास असल्याचं दाखवलं. तो महासागराच्या सरासरीचा आकडा आहे. अणूंच्या संख्येतलं ते प्रमाण वजनात बसवायला नायट्रेट 10 आणि फॉस्फेट 1 ठेवणारा माणूस गुणोत्तर सांभाळतो आणि टाकी घालवतो.

तेव्हा स्पष्टच म्हणायला हवं. मऊ प्रवाळांच्या लहान टाकीत नायट्रेट 5 ते 15 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर हे अनुभवी लोकांनी चालवून बघितलेले, सन्मानाचे आकडे आहेत. ते लपवायची गरज नाही. त्या पट्ट्यात टाकी आठवड्यामागून आठवडे हलली नाही, तर मालकाला कौशल्य आहे असं समजावं. शून्य आलं तर खाद्य वाढवावं, स्किमर काही तास बंद ठेवावा, फॉस्फेटचे दाणे काढून टाकावेत, आणि गरज पडली तर नायट्रेट-फॉस्फेट मोजून घालावं. होय, घालावं. पंधरवड्यात आकडा दुपटीहून जास्त हलवू नये. आणि दुकानात कुणी शून्याची हमी देणारी बाटली पुढे केली, तर ती ज्या प्राण्यासाठी आहे तो आपल्या टाकीत आहे का आणि कायद्याने असू शकतो का, हे दोन प्रश्न विचारून पैसे खिशातच ठेवावेत.